डिशचा फोकस नक्की कुठे असतो? (वाकलेला आर्म, नाशिक)

सिडको_गच्ची

नमस्कार मंडळी.

सिडकोत आमच्या गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे. गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीचं काम चालू असताना लोखंडी शिडी घसरली आणि नेमकी एलएनबीच्या (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) आर्मवर पडली. आर्म बुडातून पिळला गेला, क्लॅम्पचे दोन तुकडे झाले. छत्रीच्या पत्र्याला मात्र ओरखडासुद्धा नाही. एलएनबीही चालू आहे, दुसऱ्या छत्रीवर लावून खात्री केली.

ओळखीच्या मेकॅनिकने चौकोनी पाइपचा तुकडा वाकवून आर्म बनवून दिला आणि एलएनबी 'छत्रीच्या मधोमध समोर' येईल असा बांधला. मीटर लावून छत्री फिरवली, चित्र आलं. पण आकाशात जरा काळं आलं की चौकटी पडायला लागतात. परवाच्या वळवाच्या पावसात तर पहिल्या पाच मिनिटांतच सगळं गेलं. पूर्वी असं होत नव्हतं. बाबांचा दिवस सह्याद्रीच्या बातम्यांनी सुरू होतो, त्यामुळे जूनच्या आधी हे नीट करायचं आहे.

माझा प्रश्न एवढाच: या छत्रीचा फोकस, म्हणजे एलएनबीचं तोंड जिथे यायला हवं ती जागा, घरच्या घरी मोजून काढता येते का? मूळ आर्म आता कामाचा राहिलेला नाही, त्यावरून माप घेता येत नाही.

नाशिकरोडकर

नवीन सेट घेऊन टाका भाऊ. आर्म सुटा मिळत नाही आणि मिळाला तरी तो तुमच्याच छत्रीचा असेल याची खात्री नाही.

ओझर_टाउनशिप

नवीन कशाला? पत्रा सरळ असेल तर छत्री म्हातारी होत नाही. मीटरवर क्वालिटी बघत एलएनबी पुढे-मागे सरकवत राहा, जिथे आकडा जास्त तिथे घट्ट करा. आम्ही असंच करतो.

जुना केबलवाला

सिडको, तुमच्या मेकॅनिकने 'मधोमध समोर' बांधला तिथेच सगळं बिनसलं. ती पद्धत मोठ्या गोल जाळीच्या डिशची. तिथे तीन पायांवर फीड, म्हणजे सिग्नल पकडणारं तोंड, बरोबर मध्यावर असतो, कारण ती डिश म्हणजे पूर्ण पॅराबोला, त्याचं टोक डिशच्या मध्यात. घरावरच्या छोट्या छत्र्या ऑफसेट असतात. मोठ्या पॅराबोलाचा एका बाजूचा तुकडा कापून काढावा तशी ही छत्री. त्या मोठ्या पॅराबोलाचं टोक आपल्या छत्रीच्या खालच्या काठाजवळ येतं, म्हणून फोकसही खालच्या काठाच्या समोर येतो. एलएनबी खालून वर बघतो तो याचसाठी. असं केल्याने एलएनबीची आणि आर्मची सावली छत्रीवर पडत नाही, सगळा पत्रा कामाला येतो.

ओझर, तुमच्या पद्धतीत एक अडचण आहे, ती रागावू नका पण सांगतो. एलएनबी डावीकडे-उजवीकडे किंवा वर-खाली थोडा सरकला, तर छत्रीची नजर उलट्या बाजूला सरकते. मग तुम्ही छत्री फिरवता आणि ती चूक भरून निघते. मीटर खूश. पण एलएनबी जवळ किंवा लांब असेल तर छत्री कितीही फिरवा, ते भरून निघत नाही. सिग्नल येतो, फक्त दुबळा येतो. कोरड्या दिवशी काही कळत नाही, कारण कोरड्या दिवशी थोडं नुकसान सोसायला जागा असते. पावसात ती जागा संपते. सिडकोंचं जे होतंय ते हेच.

त्यात एलएनबी आणि छत्री दोन्ही सुटे असतील तर मीटरवर तुम्हाला एक टेकडी सापडते. ती सगळ्यात उंच टेकडी आहे की नाही हे मीटर सांगत नाही. म्हणून आधी टेपने फोकस काढायचा, एलएनबी तिथे पक्का करायचा, त्याला परत हात लावायचा नाही, आणि मग फक्त छत्री फिरवायची. हा क्रम सोडू नका.

सिडको_गच्ची

काका, एकदम स्पष्ट झालं. मग टेपने नक्की काय मोजायचं? छत्री खाली उतरवायला माझी तयारी आहे.

गणित_पंचवटी

मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. शाळेत आपण अंतर्वक्र आरशाची नाभी, म्हणजेच फोकस, शिकतो, तेच इथे आहे, फक्त आरसा पॅराबोलाचा.

आधी सोपी, गोल, पूर्ण डिश. तिच्या कापाचं समीकरण y = x²/4f. काठावर x म्हणजे व्यासाचा निम्मा आणि y म्हणजे डिशची खोली. किमती घातल्या की नाभीय अंतर f = व्यास² ÷ (१६ × खोली). व्यास १८० सेंमी आणि खोली ३० सेंमी असेल तर ३२४०० ÷ ४८० = ६७.५ सेंमी. झालं.

ऑफसेट छत्रीला हेच सूत्र थेट लावलं तर उत्तर चुकतं, कारण ती गोल नसते. नीट मोजा, उंची रुंदीपेक्षा थोडी जास्त भरेल. उपग्रहाच्या बाजूने पाहिलं तर ती गोल दिसते, पण तिच्या काठाचं प्रतल तिरकं कापलेलं असल्यामुळे समोरून ती लंबवर्तुळ असते. तिच्यासाठी:

f = रुंदी³ ÷ (१६ × खोली × उंची)

खोली म्हणजे काठाच्या प्रतलापासून सर्वांत खोल जागेपर्यंतचं अंतर, काठाला काटकोनात. ऑफसेट छत्रीत सर्वांत खोल जागा लंबवर्तुळाच्या बरोबर मध्यावर नसते, तुमच्यासारख्या छत्रीत ती दोनेक सेंटीमीटर खालच्या काठाकडे सरकलेली असते; पण मध्यावर मोजलं तरी खोलीत मिलिमीटरचाही फरक पडत नाही, म्हणून ती शोधत बसावं लागत नाही. आणि रुंदी ÷ उंची हे ज्या कोनाचं कोसाइन, तो तुमच्या छत्रीचा ऑफसेट कोन.

तीन मापं द्या, पुढचं आपण इथेच सोडवू.

ओझर_टाउनशिप

मॅडम, खोलीचं सूत्र न वापरता नुसत्या रुंदी-उंचीवरून येत नाही का? खोली मोजायला कटकट असते.

गणित_पंचवटी

येतं. पॅराबोलाचं टोक बरोबर खालच्या काठावर आहे असं धरलं तर f = रुंदी² ÷ (४ × √(उंची² − रुंदी²)). पण त्यात एक धोका आहे. ६० रुंद आणि ६५ उंच छत्रीला f ३६ सेंमी येतो. उंची मोजताना एक सेंटीमीटर कमी धरलात, म्हणजे ६४, तर उत्तर ४० च्या वर जातं. उंची आणि रुंदी जवळजवळ सारख्या असल्याने त्यांच्या फरकावर सगळं लटकलेलं असतं. खोलीच्या सूत्रात तीन मिलिमीटरची चूक झाली तर f साधारण दोन सेंटीमीटरने हलतो. तेही कमी नाही, पण पहिल्यापेक्षा बरं. म्हणून खोलीवर मेहनत घ्या आणि दुसरं सूत्र पडताळ्यासाठी ठेवा.

जुना केबलवाला

मॅडमनी लाखमोलाचं सांगितलं. आता खोली मोजायची रीत.

सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फूटपट्टी टेकवणं ही एक रीत, पण पट्टी जरा वाकडी असली की गेलं. मी पाण्याने मोजतो. छत्री उतरवा, नटबोल्टची भोकं मागून चिकटपट्टीने नाहीतर मळलेल्या कणकेने बुजवा, गच्चीवर दोन-तीन विटांवर पालथी नाही, उताणी ठेवा. पाणी भरत जा आणि विटांखाली पातळ चिपा सारत छत्री अशी जुळवा की पाणी एकाच वेळी सगळ्या काठाला भिडेल. मग मध्यावर स्टीलची पट्टी उभी बुडवा. पाण्यापेक्षा सरळ पट्टी बाजारात मिळत नाही.

या रीतीचा दुसरा फायदा मोठा आहे. शिडी पडून छत्री कुठे मुरगळली असेल तर ते इथे उघड होतं. पाणी एका जागेवरून आधी सांडायला लागतं आणि समोरच्या बाजूला काठ कोरडाच राहतो, कितीही चिपा सारल्या तरी. अशा छत्रीवर पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही, आधी तिला सरळ करा.

पाणी नको असेल तर मुरगळ बघायला दोन दोरे पुरतात. एक उभा, एक आडवा, काठाला काठ ताणून बांधा. मध्यावर दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. वरचा-खालचा बदलूनही बघा. मध्ये फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर पत्रा मुरगळलेला आहे.

आणखी एक. रुंदी-उंची मोजताना बाहेरची दुमडलेली कड धरू नका. जिथे छत्रीचा वळणदार पत्रा संपतो तिथपासून माप.

निफाड_द्राक्ष

धागा मस्त चाललाय. आमच्या मळ्यातली छत्री वाऱ्याने पडली होती, तिला आता हे दोऱ्यांचं करून बघतो.

नाशिकरोडकर

सूर्यावर धरून फोकस काढतात ना? लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसं. पाच मिनिटांचं काम, इतकं गणित कशाला?

गणित_पंचवटी

काढतात, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. छत्रीचा रंग मुद्दाम खरखरीत, निस्तेज ठेवलेला असतो, कारण एरवीच उन्हाने एलएनबीचं प्लास्टिक वितळलं असतं. त्यामुळे नुसती छत्री सूर्यावर धरून ठिपका दिसत नाही. आणि काही जण आतून चकचकीत फॉइल चिकटवायला सांगतात, ते कृपा करून कोणी करू नका. साठ सेंटीमीटरच्या छत्रीवर पडलेलं नाशिकचं दुपारचं ऊन एका ठिपक्यात आलं की पुठ्ठा पेट घेतो, आणि डोळा त्या रेषेत आला तर कायमची इजा होते. मुलं जवळ असतील तर विचारही नको.

सुरक्षित प्रकार असा. घागऱ्यावर लावतात ते छोटे आरसे, पाच-सहाच, दुहेरी चिकटपट्टीने लावायचे: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मध्ये. मग प्रत्येकाचा एकेक ठिपका पुठ्ठ्यावर पडतो. छत्री कलती करत आणि पुठ्ठा हलवत सगळे ठिपके एकावर एक आले की ती नाभी. पाच-सहा चिमुकल्या आरशांत जाळण्याइतकी ताकद नसते. तरी काळा चष्मा घाला आणि ठिपक्यांच्या दिशेने छत्रीत डोकावू नका.

मी मात्र हे पडताळ्यासाठीच वापरेन. ठिपक्यांचा घोळका दोन-तीन सेंटीमीटर लांबीत कुठेही तितकाच घट्ट वाटतो, टेपइतकी नेमकी जागा हातात येत नाही.

सिडको_गच्ची

छत्री उतरवली. आधी दोऱ्यांनी तपासली, दोन्ही बाजूंनी मध्यावर टेकले. मग पाण्याने मोजलं. भोकं कणकेनेच बुजवली काका, चिकटपट्टी ओली होऊन सुटत होती. पाणी सगळ्या काठाला लागलं तेव्हा मध्यावर पट्टी ५.७ आणि ५.८ च्या मध्ये बुडत होती, ५.८ च्या जवळ.

रुंदी ६० सेंमी, उंची ६५ सेंमी. कड सोडून.

गणित_पंचवटी

फारच छान मापं आहेत. ६० चा घन २१६०००. खाली १६ × ५.८ × ६५ = ६०३२. भागाकार ३५.८. म्हणजे ३६ सेंमी धरा. दुसऱ्या सूत्रानेही ३६ च येतं, म्हणजे तुमच्या छत्रीत पॅराबोलाचं टोक खरोखर खालच्या काठावर आहे.

आता ही जागा हवेत कशी सापडायची ते. पॅराबोलाचा एक सुंदर गुण आहे: त्याच्यावरच्या कुठल्याही बिंदूचं नाभीपासूनचं अंतर हे f अधिक त्या बिंदूची टोकापासूनची उंची, इतकं असतं. त्यावरून चारही काठांची अंतरं निघतात.

खालच्या काठाच्या मध्यापासून: f = ३६ सेंमी.
डाव्या आणि उजव्या टोकापासून: f + रुंदी² ÷ ८f = ३६ + १२.५ = ४८.५ सेंमी.
वरच्या काठाच्या मध्यापासून: f + रुंदी² ÷ ४f = ३६ + २५ = ६१ सेंमी.

चार दोरे या लांबीचे घ्या, एका टोकाला चारही एकाच गाठीत बांधा, दुसरी टोकं काठावर चिकटवा. गाठ हळूच ओढली की चारही दोरे एकदम ताठ होतील अशी एकच जागा आहे. तीन दोऱ्यांनी जागा ठरते, चौथा तुमचा साक्षीदार. दोरा शिलाईचा जाड सुती घ्या, नायलॉनचा ताणला जातो.

जुना केबलवाला

मॅडम, या चार दोऱ्यांना माझा नमस्कार. आमच्या वेळेला हेच आम्ही तारेने करायचो.

१९९१-९२ ला नाशिकमध्ये केबलचा धंदा उभा राहत होता, तेव्हा सगळ्यांची नजर १०५.५ अंश पूर्वेच्या एशियासॅट-१ वर असायची. स्टार आला, मग ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. डिशा मोठ्या, आठ-दहा-बारा फुटी, आणि बऱ्याचशा इथेच वेल्डिंगच्या दुकानात बनायच्या. जमिनीवर पॅराबोलाचा साचा आखायचा, त्यावर एकेक फासळी वाकवायची, वर जाळी ठोकायची. साच्यात एक फासळी जरी सैल गेली तरी फोकस एका जागी येत नसे. फीडच्या तीन पायांना आम्ही भोकं न पाडता आट्यांचे गज लावायचो, म्हणजे काठापासून फीडपर्यंत तिन्ही तारा सारख्या होईपर्यंत पुढे-मागे फिरवता यायचं. जाळीची डिश त्याहूनही जुनी. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा साइट नावाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतली २४०० गावं. तिथेही दहा फुटी कोंबडजाळीच्याच डिशा होत्या.

आता कामाचं. दोऱ्यांची गाठ म्हणजे फोकस, पण एलएनबीचा कुठला भाग तिथे आणायचा? प्लास्टिकच्या टोपीचा पुढचा पृष्ठभाग नाही. एलएनबीच्या शिंगाचं, म्हणजे आतल्या पसरट नळीचं, तोंड टोपीच्या थोडं आत असतं आणि लहरी जिथे गोळा होतात ती जागा त्या तोंडाच्याही किंचित आत. म्हणून टोपी गाठीपेक्षा थोडी छत्रीच्या बाजूला यायला हवी, सात-आठ मिलिमीटर. याहून बारीक जाण्याची गरज नाही. आपल्या छत्र्यांना येणाऱ्या लहरी साधारण अडीच सेंटीमीटरच्या, त्यामुळे एखादा सेंटीमीटर मागे-पुढे झालं तर नुकसान जाणवतही नाही. पाच सेंटीमीटर झालं, की काठावरून आलेल्या लहरी मधून आलेल्या लहरींच्या जवळजवळ अर्धी लहर मागेपुढे पडतात आणि एकमेकींना मारतात. सिडको, तुमचा पाइपवाला एलएनबी गाठीपासून किती लांब आहे ते मोजा, मला उत्सुकता आहे.

आणि एलएनबीची मान कुठे बघते तेही बघा. मानेची रेष पुढे वाढवली तर ती छत्रीच्या मध्याच्या आसपास लागली पाहिजे. फोकसवर असून तोंड वाकडं असेल तर एका बाजूचा पत्रा वाया जातो आणि दुसऱ्या बाजूने एलएनबी छत्रीच्या पलीकडची तापलेली गच्ची बघत बसतो. तो गच्चीचा खरखराट सिग्नलमध्ये मिसळतो.

सिडको_गच्ची

मोजलं. टोपी गाठीपासून वरच्या बाजूला होती, आणि छत्रीपासून जवळजवळ सहा सेंटीमीटर जास्त लांब. तोंडही छत्रीच्या वरच्या अर्ध्या भागाकडे.

नवीन आर्म बनवायला टाकतोय. सातपूरला एकाकडे चौकोनी पाइप वाकवून मिळतो. एलएनबीची मान ४० मिलिमीटरची आहे, क्लॅम्प बाजारात तयार मिळाला. क्लॅम्पच्या भोकाऐवजी लांबट खाच करून घेतोय, म्हणजे मागे-पुढे थोडी जागा राहील.

निफाड_द्राक्ष

एक सुचवू का? शेजारच्या कुणाच्या गच्चीवर हीच छत्री असेल तर तिच्यावर खालच्या काठापासून टोपीपर्यंत टेप लावून बघा. कंपनीने बसवलेला आर्म हा तयार नमुनाच आहे. मी आज तेच केलं, माझ्या छत्रीचं मोजमाप आणि चुलत्यांच्या छत्रीवरचं माप अगदी जुळलं.

जुना केबलवाला

उत्तम. नमुना हाताशी असेल तर त्याहून चांगलं काय. फक्त छत्री हुबेहूब तीच हवी, सारख्या आकाराची दिसते म्हणून चालणार नाही. दोन कंपन्यांच्या साठ सेंटीमीटरच्या छत्र्यांची खोली वेगळी असू शकते.

नाशिकरोडकर

एक शंका. फ्री डिशसाठी नाशिकमध्ये छत्री किती वर बघायला हवी? आमची तर जवळजवळ उभी दिसते, आणि सगळे म्हणतात उपग्रह बराच वर आहे.

गणित_पंचवटी

दोन्ही खरं आहे, आणि त्याचं कारण हाच ऑफसेट कोन.

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर. नाशिक साधारण २० अंश उत्तर आणि ७३.८ अंश पूर्व. त्यावरून उपग्रह आपल्याला आग्नेयेला दिसतो, खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३४ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ५७.५ अंश वर. सिडकोंच्या छत्रीत रुंदी ÷ उंची = ०.९२३, म्हणजे ऑफसेट कोन २२.६ अंश. छत्रीचा चेहरा जिकडे बघतो त्यापेक्षा तिची खरी नजर २२.६ अंश वर असते. म्हणून चेहरा फक्त ३५ अंश वर करायचा. ओळंबा घ्या: वरच्या काठापासून मागे सोडलेला ओळंबा आणि खालचा काठ यांत आडवं अंतर ६५ सेंमी उंचीच्या छत्रीला ३७ सेंमी आलं की उंचीचा कोन बरोबर.

अजून एक सोपी खूण. पॅराबोलाचं टोक खालच्या काठावर असल्यामुळे, खालच्या काठापासून फोकसपर्यंतचा दोरा हाच पॅराबोलाचा अक्ष. म्हणजे तो ३६ सेंटीमीटरचा दोरा सरळ उपग्रहाकडे रोखलेला असतो. मोबाइलमधलं कोनमापक त्या दोऱ्याला समांतर धरा, ५७-५८ अंश दिसले पाहिजेत.

ओझर_टाउनशिप

मॅडम, हे कमाल आहे. मग मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सूर्य उपग्रहाच्या मागे येऊन थोडा वेळ सिग्नल जातो, तेव्हा एलएनबीची सावली बरोबर खालच्या काठावर पडत असणार?

गणित_पंचवटी

अगदी बरोबर! नाशिकहून जीसॅट-१५ साठी हे मार्चच्या १२ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी घडतं. त्या वेळी एलएनबीची सावली खालच्या काठावर पडली, तर छत्रीची दिशा आणि एलएनबीची जागा दोन्ही नीट जुळलेली आहेत. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे, काहीही खर्च नाही. मी पुढच्या ऑक्टोबरला वर्ग गच्चीवर नेणार आहे.

सिडको_गच्ची

नवीन आर्म बसवला. आधी छत्री खाली असतानाच दोरे चिकटवून गाठीवर एलएनबी आणला, तोंड मध्याकडे वळवलं, क्लॅम्प घट्ट केला. मग वर चढवून ओळंब्याने ३७ सेंटीमीटर जुळवलं आणि फक्त डावीकडे-उजवीकडे फिरवत गेलो. सिग्नल लगेच सापडला. शेवटी एलएनबी त्याच्या मानेत थोडा थोडा फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे ठेवला.

स्ट्रेंग्थचा पट्टा जवळपास पूर्वीइतकाच आहे, क्वालिटीचा मात्र बराच वर गेला. काल रात्री विजांसह वळीव आला. क्वालिटी खाली आली, चित्र हललं नाही. बाबा सकाळी चहा घेऊन बातम्यांसमोर होते.

काका, मॅडम, मनापासून आभार.

जुना केबलवाला

स्ट्रेंग्थकडे बघूच नका, ती खरखराटालाही मोजते. क्वालिटी हीच खरी. आर्मच्या कापलेल्या टोकाला आणि खाचेला रेड ऑक्साइड मारा, पावसाळा तोंडावर आहे.

ओझर_टाउनशिप

याच छत्रीवर दुसरा एलएनबी लावून ८३ अंशांचा उपग्रहही घेता येईल का?

जुना केबलवाला

येईल. तो आकाशात पश्चिमेकडे आहे, म्हणून त्याचा एलएनबी पहिल्याच्या पूर्वेला येईल, उलट बाजूला. नाशिकहून दोन्ही उपग्रहांत बारा अंशांचं अंतर दिसतं, त्या हिशेबाने या छत्रीवर दोन एलएनबींत नऊ-दहा सेंटीमीटर पडतील. ८३ वाला जास्त उंच, सुमारे ६४ अंशांवर, त्यामुळे त्याचा एलएनबी पहिल्यापेक्षा थोडा खाली जाईल. फोकसपासून बाजूला गेलेला एलएनबी थोडा दुबळाच राहतो, म्हणून जो उपग्रह घरात जास्त बघितला जातो त्याचा एलएनबी फोकसवर ठेवा.

दिंडोरी_शाळा

आमच्या शाळेच्या आवारात जुनी सहा फुटी जाळीची डिश पडून आहे, तिपाई गंजून गेलेली. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांसोबत ती चालू करायची आहे. वरच्या सूत्राने मोजलं: व्यास १८० सेंमी, दोरा ताणून मध्याची खोली ३० सेंमी. म्हणजे ६७.५ ना? आणि त्यावर फ्री डिशचा एलएनबी चालेल का?

जुना केबलवाला

मॅडमच्या उदाहरणातलीच डिश निघाली तुमची. ६७.५ सेंटीमीटर, मध्याच्या पत्र्यापासून. इथे मात्र फीड बरोबर मधोमध, आणि काठावरच्या तीन जागांपासून फीडच्या तोंडापर्यंत तिन्ही तारा सारख्या: ६७.५ + ३० = ९७.५ सेंटीमीटर.

फ्री डिशचा एलएनबी यावर लावू नका. तो केयू बँडचा, त्या बारीक लहरींना पृष्ठभाग दीड मिलिमीटरच्या आत नेमका लागतो, हाताने ठोकलेल्या जाळीत ते शक्य नाही. सी बँडचा एलएनबी घ्या, त्याच्या लहरी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास, जाळी त्यांना पुरते. त्याच्या नळीवर गोल खाचांची चकती असते आणि नळीवर ०.३२ पासून ०.४२ पर्यंत खुणा असतात. ती खूण म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास. तुमचं ६७.५ ÷ १८० = ०.३७५. चकती ०.३८ च्या खुणेवर सरकवून स्क्रू घट्ट करा, आणि ६७.५ चं माप मधल्या नळीच्या तोंडाच्या किंचित आतपर्यंत धरा, अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास.